बंद पडलेली फियाट, गावातले मिस्त्री आणि जुन्या गाड्यांचा गट

प्रश्न कोल्हापुरातून आला आहे आणि त्याचे तीन भाग आहेत. आजोबांनी १९६८ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट कित्येक वर्षे पत्र्याच्या शेडखाली उभी आहे, आजोबा आता हयात नाहीत आणि नातवाला ती गाडी पुन्हा चालती करायची आहे. शहरात आणि आसपासच्या गावांत जुन्या गाड्या सांभाळणारी आणखी माणसे आहेत, त्यांना एकत्र आणून काही नियमित उपक्रम सुरू करावा असे त्याच्या मनात आहे. शिवाय अमेरिकन हॉट रॉडची, म्हणजे पत्रा कमी करून आणि इंजिन सुधारून वेगासाठी घडवलेल्या जुन्या मोटारींची, छायाचित्रे पाहून एखादी गाडी त्या धर्तीवर घडवण्याची ओढही त्याला लागली आहे. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत आणि त्या चालत्या ठेवण्यात माझे बरेच आयुष्य गेले असल्यामुळे तिन्ही भागांचे उत्तर सविस्तर देतो.

माझे मुख्य म्हणणे आधीच मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. कोणत्याही गावात जुन्या मोटारींचा छंद टिकतो तो गाड्यांच्या मालकांमुळे कमी आणि त्या गाड्यांवर काम करू शकणाऱ्या हातांमुळे जास्त. कार्बोरेटर कानाने जुळवणारा मिस्त्री, पत्र्याला मूळ गोलाई देणारा डेंटर, एकच बुश (सांध्यात बसणारी छोटी नळी) असला तरी तो लेथवर काढून देणारा कारागीर आणि रेडिएटरचे रॉडिंग करणारा, म्हणजे त्याच्या आतल्या नळ्या सळईने साफ करणारा, माणूस ज्या गावात आहे, तिथे पन्नास वर्षांची गाडीही रोज सुरू होते. ही माणसे नसतील तर कितीही पैसा ओतला तरी गाडी दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूसारखी उभी राहते. या बाबतीत कोल्हापूरकरांचे नशीब थोर आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांची परंपरा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमधल्या फाउंड्री, ओतकामाचे लाकडी नमुने म्हणजे पॅटर्न बनवणारे सुतार, ग्राइंडिंग आणि बोअरिंगची यंत्रे हे सारे काही किलोमीटरच्या परिघात असलेली शहरे महाराष्ट्रात फार नाहीत. त्यामुळे गट उभा करायचा असेल तर गावात जुन्या गाड्या किती आहेत हे मोजण्याआधी त्या दुरुस्त करणारे किती उरले आहेत याची यादी करावी.

आता तुमच्या फियाटकडे वळतो. ती मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली आहे. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. जुने लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती पुढची दारे उलटी उघडणारी गोलसर गाडी याच घराण्यातली आणि तुमच्या गाडीच्या आधीची. ११०० डिलाइट १९६४ साली आली, पुढे तिचेच नाव प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी असे झाले. तुमच्यासाठी हा नुसता इतिहास नाही. १०८९ सीसीचे इंजिन, स्टीअरिंगच्या खांबावरचा गिअर आणि पुढच्या-मागच्या सस्पेन्शनची रचना पद्मिनीतही तीच राहिल्यामुळे पद्मिनीचे बहुतेक यांत्रिक सुटे भाग तुमच्या गाडीला चालतात. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावली आणि तिच्यामागे सुट्या भागांचा मोठा व्यापार उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. त्या व्यापारातला माल आज मिळतो, पण त्याची भर आता पूर्वीसारखी होणार नाही. म्हणून ब्रेकचे रबर किट, वॉटर पंप, क्लच प्लेट, डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट आणि कंडेन्सर, पेट्रोल पंपाचे किट, इंजिनचा पॅकिंग सेट या गोष्टी गरज पडण्याची वाट न पाहता मिळतील तेव्हा घेऊन ठेवाव्यात. त्यातले रबर मात्र वर्षानुवर्षे ठेवून उपयोगाचे राहत नाही, ते ताजेच घ्यावे.

शेडमधून गाडी बाहेर काढली की पहिला मोह बॅटरी जोडून चावी फिरवण्याचा होतो. तो कटाक्षाने टाळावा. अनेक वर्षे थांबलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसलेल्या असतात आणि स्टार्टरच्या झटक्याने त्या तुटू शकतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने, सावकाश, फिरते का ते पाहावे. ते मोकळे फिरले की जुने ऑइल काढून नवे भरावे आणि त्यानंतरच स्टार्टरचा विचार करावा. पेट्रोलची टाकी खाली उतरवून आतून तपासावी. जुने पेट्रोल चिकट राळेसारखे होऊन नळ्यांत आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसते, आणि टाकीतल्या गंजाचे कण पुढे जाऊन त्याच जागा बुजवतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्या काळचे रबर त्याला टिकत नाही, ते फुगते आणि चिरते. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या प्रतीचे घालणे हे आगीपासून बचावाचे काम आहे आणि त्यात काटकसर करू नये. गाडी उभी करताना टाकीत जुने पेट्रोल महिनोन्महिने पडू देऊ नये, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवेत पाण्याची कमी नसते.

या फियाटचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग, ॲल्युमिनियमचे आहे आणि त्याखालचा ब्लॉक बिडाचा. दोन धातूंच्या या जोडीमुळे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, रेडिएटरमध्ये नळाचे साधे पाणी भरण्याची जुनी सवय सोडून योग्य प्रमाणात कूलंट वापरावे, अन्यथा हेडच्या पाण्याच्या वाटा आतून झिजत जातात. दुसरी गोष्ट, गाडी एकदा जरी सणसणून तापली तरी हेड वाकू शकते, मग हेड आणि ब्लॉकमधले पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी पाणी ऑइलमध्ये जात राहते आणि शेवटी हेड फेसिंगलाच, म्हणजे यंत्रावर घासून सपाट करायला, द्यावे लागते. दर फेसिंगला थोडा धातू जातो, त्यामुळे जुन्या हेडला अशा संधी मोजक्याच असतात. शिसेविरहित पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीट झिजतात ही भीती तुम्ही ऐकली असेल. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि बिडाचे हेड असलेल्या ॲम्बॅसडरसारख्या गाड्यांना ती भीती खरी आहे; ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळ्या बसवलेल्या असल्यामुळे तुम्हाला ती कमी आहे, तरी हेड उतरवलेच असेल तर सीट पाहून घ्याव्यात.

ब्रेक हा विषय इंजिनाच्या आधी यायला हवा होता, कारण चालू होणाऱ्या पण न थांबणाऱ्या गाडीइतकी धोक्याची गोष्ट नाही. या गाडीत चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सर्वांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच आहे. आजच्या गाड्यांप्रमाणे दोन स्वतंत्र वाहिन्या नाहीत. कुठेही एक होज फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. त्यामुळे सगळे व्हील सिलिंडर उघडावेत, आत गंजाचे खड्डे असतील तर नुसते रबर किट न बदलता सिलिंडरच बदलावा किंवा त्यात नवी स्लीव्ह बसवून घ्यावी, होज सगळे नवे घालावेत आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. टायरवरची नक्षी शाबूत दिसते म्हणून जुने टायर ठेवू नयेत. टायरच्या बाजूवर छापलेल्या सांकेतिक क्रमांकातले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. तिथे चार आकडेच नसतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे असे समजून तो त्याच दिवशी उतरवावा. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असणारच. ते तुकड्यांनी जोडत बसण्यापेक्षा मूळ रंगसंगतीप्रमाणे पूर्ण नवे करून घ्यावे, बॅटरीला कट-ऑफ स्विच लावावा आणि गाडीत अग्निशामक ठेवावा.

पत्र्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण बहुतेक लोकांचा पैसा आणि धीर इथेच संपतो. तुमच्या फियाटला स्वतंत्र चॅसी नाही, बॉडी हीच तिची चॅसी आहे. जीप किंवा स्टँडर्ड हेरल्ड यांची बॉडी खाली चॅसीवर बसवलेली असते, त्यामुळे त्यांचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहू शकतो. फियाटमध्ये आणि ॲम्बॅसडरमध्येही दारांखालचा पत्रा, पायाखालची जमीन, मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात त्या जागा आणि पुढच्या सस्पेन्शनभोवतीचा भाग हेच गाडीचे वजन पेलतात. शेडमध्ये ओल असेल तर नेमक्या याच जागा सडतात आणि वरून रंग चकचकीत असल्यास त्या दिसत नाहीत. पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आवाज आला तर आत लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे, आणि पेचकस आत गेला तर काय करायचे ते डेंटरने ठरवायचे आहे. चांगला डेंटर सडलेला भाग कापतो, त्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा घडवतो आणि वेल्डिंगने बसवतो; घाईचा डेंटर सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकून वर लांबी ओढतो आणि दोन पावसाळ्यांत फुगे येतात. कामाचा दर ठरवताना प्रायमर मारण्याआधी उघडा पत्रा आपल्याला दाखवला पाहिजे एवढी एकच अट घालावी. प्रामाणिक कारागीर ती आनंदाने मान्य करतो. कापताना दारे बसवलेलीच असावीत आणि गाडी खालून नीट टेकवलेली असावी, कारण बॉडी ओळीतून गेली की दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

रंग शेवटी करावा, आणि तो मूळचाच करावा असे माझे ठाम मत आहे. डिकीच्या आत किंवा डॅशबोर्डच्या मागे मूळ रंगाचा तुकडा बहुधा सापडतो, त्यावरून रंग जुळवता येतो. आजोबांच्या वेळचा रंग अजून बराचसा टिकून असेल, तर फिकट झालेला असला तरी तो ठेवावा, असेही मी सुचवीन. गाडी नवी कितीही वेळा करता येते, पण मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही.

गाडीचा कोणताही जुना भाग, तुटलेला असला तरी, टाकून देऊ नये. उद्यमनगरात नवा भाग ओतून घ्यायचा असेल तर तोच तुमचा नमुना असतो. इथे एक बारकावा आहे, तो फाउंड्रीवाल्यांना ठाऊक असतो पण गाडीवाल्यांना नसतो. जुना भाग थेट वाळूत दाबून साचा केला तर ओतलेला भाग मापात लहान येतो, कारण धातू थंड होताना आकसतो; बीड सुमारे एक टक्का आणि ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. शिवाय जुना भाग झिजलेला असतो, तोटा दुहेरी होतो. म्हणून जुन्या भागाची मापे घेऊन, आकसणे आणि मशीनिंगचा धातू धरून लाकडी पॅटर्न वेगळे करावे लागते. एका गाडीसाठी पॅटर्नचा खर्च जड वाटतो, पण त्याच पॅटर्नवर दहा जणांचे काम होत असेल तर तो सोसवतो. दारांचे आणि काचांचे रबर बीडिंग, वायपरचे भाग, टेल लॅम्पच्या काचा, दारांच्या कड्या या सगळ्यांचे हेच गणित आहे. रबर बनवणारा कारखाना दोन मीटरसाठी साचा बनवत नाही, पण सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी आणि बेळगावच्या फियाटवाल्यांनी एकत्र मागणी दिली तर नक्की बनवतो. गट कशासाठी हवा, या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे.

कागदपत्रांचे काम गाडीच्या कामासोबत लगेच सुरू करावे, कारण त्याला वेळ लागतो. आरसी बुक आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी फॉर्म ३१ भरावा लागतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. कायद्याने हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो, उशीर झाला असेल तर विलंब शुल्क भरून तो करावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण होते. त्यासाठी आरटीओत गाडी दाखवून पासिंग घ्यावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. एमएच मालिका १९८९ नंतरची आहे, त्यामुळे तुमचा क्रमांक जुन्या तीन अक्षरी मालिकेतला असेल आणि तो संगणकीय नोंदीत चढलेलाच नसण्याची शक्यता मोठी आहे. ती नोंद आधी करून घ्यावी लागते, अन्यथा ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाही. आरसी बुकावरचे चॅसी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी जुळतात का हे तुम्ही स्वतः, भिंग घेऊन, आरटीओत जाण्याआधी तपासा. जुन्या काळी इंजिन बदलले जाई आणि नोंद राहून जाई. तसे असेल तर ते आधीच निस्तरावे.

इथे एक निवड करायची आहे आणि ती विचारपूर्वक करावी. केंद्राने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांचा वेगळा वर्ग केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क लागते आणि ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. पण अशी गाडी नियमित वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. परदेशातून आणलेल्या किंवा संस्थानी काळातल्या दुर्मीळ गाडीला हा वर्ग योग्य आहे. तुमच्या फियाटचे कागद शाबूत असतील तर नेहमीची पाच वर्षांची नोंदणीच चालू ठेवावी असा माझा सल्ला आहे, कारण ही गाडी मंडईत, लग्नाला आणि पन्हाळ्याला नेण्यासाठी बनलेली आहे आणि आठवड्यातून एकदा तरी चालली तरच तिची तब्येत राहते. विमा किमान थर्ड पार्टीचा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही लागू झालेली उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी यांत सूट नाही.

हॉट रॉडबद्दल आता स्पष्ट सांगतो. ही परंपरा अमेरिकेतली, मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्नियातली. १९३० च्या दशकात तिथली तरुण मुले फोर्डच्या जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्यांवरचे मडगार्ड आणि अनावश्यक पत्रा काढून टाकत, इंजिनात सुधारणा करत आणि म्युरॉकसारख्या सुकलेल्या सरोवरांच्या सपाट मैदानांवर वेगाची शर्यत लावत. १९३२ मध्ये फोर्डने सामान्यांना परवडेल अशी व्ही-८ इंजिनाची गाडी आणली आणि ती या मंडळींची आवडती झाली. धुळीत धडका होऊ लागल्या तेव्हा १९३७ साली तिथल्या अनेक क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली, गाड्यांची तपासणी आणि वेळमापनाची शिस्त आणली; पुढे १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन सुरू केली, तिचा एक हेतू ही शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून काढून सुरक्षित पट्ट्यांवर नेणे हाच होता. म्हणजे ज्या संस्कृतीला आपण बेबंद समजतो तिचा कणा नियम, तपासणी आणि एकमेकांच्या अंगणात केलेले काम हा आहे.

आपल्याकडे मात्र कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. छप्पर कापणे, चॅसी बदलणे, मोठे इंजिन बसवणे यांपैकी काहीही केलेली गाडी रस्त्यावर आणणे बेकायदेशीर आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा आधारही डळमळतो. कागद नसलेली, भंगारात निघालेली एखादी बॉडी खासगी जागेत घडवून प्रदर्शनात मांडता येईल, किंवा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेच्या स्पर्धांत परवाना घेऊन वेगाची हौस भागवता येईल. पण कृपा करून आजोबांच्या फियाटला कटर लावू नका. चांगल्या स्थितीतल्या मूळ गाड्या कमी होत चालल्या आहेत. हॉट रॉडमधले जे घेण्यासारखे आहे ते म्हणजे स्वतःच्या हाताने केलेले काम: पॉइंटमधले अंतर लावणे, टॅपेट जुळवणे, कार्बोरेटर उघडून धुणे, ड्रम काढून ब्रेक साफ करणे, हे सगळे शिकून घ्या. उलट फिरवता येतील असे काही बदलही खुशाल करा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या आत लपणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढच्या आसनांना पट्टे. काढलेले मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव लिहून ठेवावेत.

गटाची सुरुवात लहान आणि नियमित असावी. पहिल्या दिवशी नाव, बोधचिन्ह, अध्यक्ष आणि सदस्यशुल्क यांवर चर्चा सुरू झाली की तो गट फार पुढे जात नाही, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. महिन्याचा एक रविवार ठरवावा, सकाळी साडेसहाला एका ठिकाणी जमावे, दीड तासात घरी परत यावे. गाडीची किंमत हा प्रवेशाचा निकष नसावा. बजाज चेतक, लॅम्ब्रेटा, येझदी आणि जावा यांचे मालक संख्येने जास्त असतात, त्यांची गाडी कमी खर्चात चालते आणि तरुण मुले त्यांच्यामार्फतच या छंदात येतात. जावा-येझदीवाले दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपला आंतरराष्ट्रीय दिवस साजरा करतात, तुमच्या गावात तो होत असेल तर ओळखी करून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही पण ज्ञान आहे, त्या निवृत्त मिस्त्रींना आणि उद्यमनगरातल्या कारागिरांना पहिल्या बैठकीपासून बोलवावे, गाडीतून आणावे, पोचवावे आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्यावे. त्यांना फुकटात सल्ला विचारत राहणे योग्य नाही. त्यांच्या शेजारी आयटीआय किंवा पॉलिटेक्निकची दोन मुले उभी राहतील अशी व्यवस्था झाली तर फार मोठे काम होईल, कारण कार्बोरेटर आज कोणत्याही नव्या मोटारीत येत नाही आणि तो जुळवायला शिकण्याचा दुसरा मार्ग मुलांना उरलेला नाही.

गटाने काही गोष्टी ठामपणे नाकाराव्यात. लग्नाच्या वरातीसाठी पैसे घेऊन गाडी देणे हा त्यांतला पहिला प्रकार. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणे नियमात बसत नाही, आणि वरातीच्या संथ चालीत रेडिएटरला वारा मिळत नाही, क्लच अर्धा दाबलेला राहतो, गाडी तापते आणि वर सांगितलेले ॲल्युमिनियमचे हेड वाकते. मोठ्या मिरवणुकांचेही तेच. कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा लोक किती आदराने पाहतात हे आपण सगळे जाणतो. पण ती गाडी त्यासाठी वर्षभर किती जपली जात असेल याचाही विचार करावा. गाड्यांची रांग काढायची असेल तर पोलिसांना आधी लेखी कळवावे, जिथे उभ्या कराल तिथे प्रत्येक इंजिनाखाली तेल टिपायला पत्रा किंवा पुठ्ठा ठेवावा, आणि भोंगे व सायलेन्सरचा गोंगाट कोणी करत असेल तर त्याला त्याच दिवशी सांगावे.

पहिल्या फेरीसाठी पन्हाळा निवडू नका, जरी तो जवळ असला आणि सगळ्यांची पहिली इच्छा तीच असली तरी. वीसेक किलोमीटरच्या त्या वाटेचा शेवटचा चढ नव्याने जुळवलेल्या इंजिनाची आणि उतार नव्या ब्रेकची परीक्षा घेतो. पहिले दोन महिने रंकाळ्याभोवती आणि गगनबावडा रस्त्यावर सपाट भागात पंधरा-वीस किलोमीटर फिरावे, घरी येऊन चाकांचे ड्रम हाताला किती गरम लागतात, पाणी किती कमी झाले, ऑइल कुठे झिरपते हे पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. हिवाळ्यात पन्हाळा, मग जोतिबा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, कारण ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून निकामी होतात. सोबत दोर, पाण्याचा कॅन, फॅन बेल्ट, एक पॉइंट-कंडेन्सर आणि पेट्रोल पाइपचा तुकडा असावा. उन्हाळ्यात चढावर गाडी अचानक बंद पडली तर बहुधा पेट्रोलची वाफ पाइपात अडकलेली असते. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे, घाईने कार्बोरेटर उघडू नये. जून लागण्याआधी गाडीखाली गंजरोधक मारून घ्यावा, शेडची जमीन कोरडी करावी, गाडीवर प्लास्टिक न घालता हवा जाणारे सुती आच्छादन घालावे आणि पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी तिला पंधरा मिनिटे तरी चालवून आणावे. या आठवड्यात मात्र गाडीला हात लावण्याआधी आरसी बुक शोधा, चॅसी क्रमांक उतरवून घ्या आणि उद्यमनगरात फियाटचे काम केलेला सर्वांत वयस्क मिस्त्री कोण आहे याची चौकशी करून त्यांना घरी गाडी दाखवायला घेऊन या.